स्लीप ॲप्निया आणि रक्तवाहिनीचे अस्तर: पेशी ओळखून डॉक्टरांना काय कळले?

जळगावहून भुसावळकडे निघालात की महामार्गावर नशिराबाद लागते. या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. आजूबाजूच्या गावांतले कितीतरी लोक रेल्वेत आणि कारखान्यांत पाळीने कामाला जातात, बाकीचे शेतीत राबतात. अशा घरांतून दवाखान्यात येणारी एक तक्रार पेशंट स्वतः सहसा सांगत नाही. ती बरोबर आलेली बायको किंवा मुलगा सांगतो: "हे फार घोरतात. मधेच श्वास बंद पडतो आणि मग दचकून उठतात." यावर पेशंट हसून म्हणतो, "घोरणं हा काय आजार आहे का? आमच्या घरात सगळेच घोरतात."

नुसते घोरणे हा आजार असेलच असे नाही. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल तर तो आजार आहे. त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. हा आजार घशात होत असला तरी त्याचा त्रास हृदयाला, मेंदूला आणि रक्तदाबाला होतो. घशातला अडथळा रक्तवाहिन्यांपर्यंत कसा पोहोचतो, हे शोधण्यासाठी डॉक्टरांनी पेशंटच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातील पेशी काढल्या, ओळखल्या आणि तपासल्या. त्यांना काय दिसले आणि त्याचा तुमच्याशी काय संबंध, हे या लेखात पाहू.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही पेशींची तपासणी तुम्हाला करून घ्यायची नाही, ती संशोधनासाठी आहे. पण तिच्यातून कळलेली गोष्ट प्रत्येक पेशंटच्या उपयोगाची आहे: अस्तराची हानी रोज रात्री होत असते, आणि उपचार नियमित घेतले तर ती काही आठवड्यांतच भरून येऊ लागते.

स्लीप ॲप्निया म्हणजे नेमके काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही लोकांमध्ये ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्ण मिटते. छाती आणि पोट श्वास घेण्यासाठी हलत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. मेंदूला धोका कळतो, तो क्षणभर झोप मोडतो, घसा उघडतो, मोठा आवाज करत श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले बहुतेक काही आठवत नाही.

असा श्वास किमान 10 सेकंद थांबला तर त्याला एक ॲप्निया धरतात. श्वास पूर्ण न थांबता खूप कमी झाला, तर तेही मोजतात. तासाला असे किती वेळा होते, यावरून आजाराची तीव्रता ठरते:

- तासाला 5 ते 15 वेळा: सौम्य
- 15 ते 30 वेळा: मध्यम
- 30 पेक्षा जास्त वेळा: तीव्र

रिपोर्टवर हा आकडा 'एएचआय' या नावाने लिहिलेला असतो. ज्याचा आकडा 30 आहे, त्याचा श्वास सात तासांच्या झोपेत साधारण 210 वेळा अडतो.

हा आजार आपल्याकडे आहे का?

आहे, आणि वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची पाहणी केली. ती 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. 35 ते 65 वयाच्या शहरी पुरुषांना त्यांनी प्रश्नावली दिली आणि त्यातल्या 250 जणांची झोपेची तपासणी त्यांच्या घरीच केली. त्यावरून निघालेला अंदाज असा: 19.5 टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडत होता, आणि 7.5 टक्के पुरुषांना त्यासोबत दिवसा झोप येण्याचाही त्रास होता.

ही पाहणी मुंबईतल्या पुरुषांची होती, त्यामुळे तोच आकडा खानदेशातल्या गावाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण हा श्रीमंतांचा किंवा परदेशातला आजार आहे, हा समज तिने खोडून काढला. बायकांनाही हा आजार होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. त्या घोरण्याची तक्रार कमी करतात. थकवा, सकाळचे डोकेदुखी आणि झोप न लागणे जास्त सांगतात, म्हणून त्यांचे निदान राहून जाते.

रक्तवाहिनीचे अस्तर काय काम करते?

ठिबकची नळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती नुसती नळी असते. पाणी आत येते, पुढे जाते, नळीला त्यातले काही कळत नाही. रक्तवाहिनी तशी नाही, ती जिवंत आहे. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो. कोटाला आतून अस्तर असते, तसा. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हा थर फक्त एका पेशीच्या जाडीचा असतो आणि हृदयापासून बोटाच्या टोकापर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीत असतो.

हे अस्तर चार मोठी कामे करते:

- गरजेप्रमाणे रक्तवाहिनी रुंद किंवा अरुंद करायला लावते.
- आतला पृष्ठभाग गुळगुळीत ठेवते, म्हणजे विनाकारण रक्ताची गुठळी होत नाही.
- रक्तातून काय आत शिरू द्यायचे आणि काय नाही, हे ठरवते.
- सूज केव्हा सुरू करायची आणि केव्हा थांबवायची, हे सांभाळते.

अस्तराचे महत्त्व कळायला बराच काळ लागला. 1980 मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्शगॉट यांनी सशाच्या महाधमनीचे तुकडे वापरून दाखवले, की अस्तर शाबूत असेल तर ठराविक औषधाने रक्तवाहिनी सैल पडते, आणि अस्तर घासून काढले तर ती सैल पडत नाही. म्हणजे सैल होण्याचा निरोप अस्तर देत होते. हा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू असल्याचे पुढे सिद्ध झाले. या शोधासाठी फर्शगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अस्तर नायट्रिक ऑक्साइड नीट बनवत असेल तर रक्तवाहिन्या लवचिक राहतात. ते कमी पडले की रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, रक्तदाब चढतो आणि आत चरबीचा थर बसायला सोपे जाते. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

श्वास थांबल्यावर अस्तराचे काय होते?

विजेचे उदाहरण घेऊ. लाइट सलग चार तास गेली तर विहिरीवरची मोटर नुसती बंद राहते. पण लाइट मिनिटा-मिनिटाला जात-येत राहिली तर मोटर जळते. अस्तराच्या पेशींचेही असेच काहीसे होते.

स्लीप ॲप्नियात ऑक्सिजन उतरतो, श्वास सुरू झाला की एकदम चढतो आणि पुन्हा उतरतो. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन साधारण 95 टक्के किंवा त्याहून जास्त असतो. तीव्र आजारात तो रात्रीत अनेक वेळा 80 च्या घरात किंवा त्याखाली जातो. या चढ-उतारात पेशींमध्ये मारक स्वरूपाचे ऑक्सिजनचे कण तयार होतात. ते नायट्रिक ऑक्साइडला पकडून निकामी करतात. ज्या वायूमुळे रक्तवाहिनी सैल राहायची, तोच असा संपून जातो. शिवाय प्रत्येक वेळी झोप मोडताना शरीर घाबरल्यासारखे वागते, ॲड्रेनलिन वाढते आणि रक्तदाब उसळी मारतो. झोपेत रक्तदाब खाली यायला हवा, तो या लोकांमध्ये अनेकदा येत नाही.

कागदावर हे पटण्यासारखे आहे. पण खऱ्या पेशंटच्या रक्तवाहिनीत असेच घडते का? ते पाहायचे तर अस्तराच्या पेशीच हातात यायला हव्यात.

या पेशी काढतात आणि ओळखतात कशा?

जिवंत माणसाची रक्तवाहिनी कापून तपासता येत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. सांजा जेलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी वाट वापरली. सलाइन लावताना घालतात तशी सुई हाताच्या शिरेत घातली. तिच्यातून एक बारीक, टोकाला वाकलेली तार आत सरकवून बाहेर काढली. तार शिरेच्या आतून घासत जाते तेव्हा अस्तराच्या काही पेशी तिला चिकटून येतात. त्या धुऊन काचेच्या पट्टीवर घेतात.

अडचण इथून पुढे असते. तारेला फक्त अस्तराच्या पेशी चिकटत नाहीत. रक्तातल्या लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही येतात. यातली आपली पेशी कोणती, हे कसे ठरवायचे? गर्दीत माणूस गणवेशावरून ओळखावा, तशी पेशी तिच्या अंगच्या प्रथिनावरून ओळखतात.

अस्तराच्या पेशींत 'व्हॉन विलेब्रँड फॅक्टर' नावाचे प्रथिन साठवलेले असते. फिनलंडचे डॉक्टर एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी 1926 मध्ये रक्तस्रावाचा एक आनुवंशिक आजार वर्णन केला होता. त्यांचेच नाव या प्रथिनाला मिळाले. रक्त गोठवायला ते मदत करते. या प्रथिनाला नेमके जाऊन चिकटणारे प्रतिपिंड प्रयोगशाळेत मिळतात आणि त्यांना चमकणारा रंग जोडलेला असतो. हे द्रावण पट्टीवर टाकले, की खास मायक्रोस्कोपखाली फक्त ते प्रथिन असलेल्या पेशी चमकतात.

प्लेटलेटमध्येही हे प्रथिन असते, म्हणून एकाच खुणेवर विसंबून चालत नाही. दुसऱ्या रंगाने पेशीचे केंद्रकही दाखवावे लागते. मग हिशोब सोपा होतो:

- लाल पेशी: केंद्रक नाही, विलेब्रँड प्रथिनही नाही.
- पांढरी पेशी: केंद्रक आहे, विलेब्रँड प्रथिन नाही.
- प्लेटलेट: विलेब्रँड प्रथिन आहे, केंद्रक नाही.
- अस्तराची पेशी: दोन्ही आहे.

अस्तराशी संबंधित आणखी दोन प्रकारच्या पेशी साध्या रक्ताच्या नमुन्यातही शोधतात. एक म्हणजे अस्तरातून सुटून रक्तात वाहत आलेल्या पेशी. निरोगी माणसात त्या फार थोड्या असतात. त्या वाढल्या तर अस्तर झिजत असल्याची ती खूण मानतात. दुसऱ्या म्हणजे अस्तराच्या दुरुस्तीला हातभार लावणाऱ्या, रक्तात फिरणाऱ्या पेशी. त्या ओळखण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने बघतात. त्यांना सीडी-34, सीडी-133, सीडी-146 अशी क्रमांकाची नावे दिलेली आहेत. फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रातून रक्ताच्या पेशी एकामागून एक जातात, लेसरचा प्रकाश त्यांच्यावर पडतो आणि ज्या रंगाने पेशी चमकते त्यावरून ती मोजली जाते.

पेशी ओळखल्यावर काय दिसले?

जेलिक यांचा हा अभ्यास 2008 मध्ये 'सर्क्युलेशन' या हृदयरोगाच्या नियतकालिकात आला. त्यात नुकतेच निदान झालेले स्लीप ॲप्नियाचे 32 पेशंट होते आणि तुलनेसाठी हा आजार नसलेले 15 जण. उपचार सुरू करण्यापूर्वी पेशंटच्या पेशींत चार गोष्टी दिसल्या:

- नायट्रिक ऑक्साइड बनवणारे एन्झाइम कमी होते.
- नायट्रिक ऑक्साइड वाया गेल्यावर जी रासायनिक खूण मागे राहते, ती जास्त होती. लोखंडावर गंज दिसावा, तशी ही खूण.
- सूज सुरू करणारे प्रथिन जास्त होते.
- रक्तात दुरुस्तीच्या पेशी कमी होत्या.

सोप्या भाषेत सांगायचे तर अस्तराची झीज वाढली होती आणि दुरुस्ती करणारे हात कमी झाले होते.

यानंतर पेशंटना सीपॅप मशीन दिले. हे मशीन मास्कमधून हलक्या दाबाने साधी हवा देते, त्यामुळे घसा मिटत नाही. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत प्रथम जगासमोर मांडली. चार आठवड्यांनंतर पुन्हा पेशी काढल्या. ज्यांनी मशीन रोज किमान चार तास लावले होते, त्यांच्यात या चारही गोष्टी सुधारल्या होत्या. रक्तवाहिनीची रुंद होण्याची क्षमताही वाढली होती.

"मी तर फार जाड नाही" किंवा "हे सगळं वजनामुळेच होतंय"

दवाखान्यात ही दोन्ही वाक्ये ऐकू येतात. वजन वाढले की स्लीप ॲप्नियाचा धोका वाढतो, हे खरे. लठ्ठपणाने रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, हेही खरे. मग अस्तराची हानी ॲप्नियामुळे होते की चरबीमुळे? याच गटाने 2010 मध्ये हे तपासले. उपचार न घेतलेल्या ॲप्नियामुळे अस्तरात दिसणारी सूज वजनापासून वेगळी होती. वजन बेताचे असलेल्या पेशंटमध्येही ती दिसली आणि मशीनने कमी झाली.

म्हणून वजन जास्त असेल तर ते जरूर कमी करा, पण वजन कमी होईपर्यंत ॲप्नियाचा उपचार लांबवू नका. आणि सडपातळ असाल, तर 'मला कसा होईल' असे समजू नका. जबडा लहान किंवा मागे असणे, मान जाड असणे, टॉन्सिल मोठे असणे यांमुळेही श्वासाची वाट अरुंद होते.

बरे वाटले म्हणून मशीन बंद केले तर?

मशीन लावल्यावर बहुतेकांना काही दिवसांतच सकाळी ताजेतवाने वाटू लागते. मग लग्नसराई येते, उन्हाळा येतो, मशीन कपाटात जाते.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिक येथे 2011 साली यावर एक अभ्यास झाला. आधीपासून मशीन वापरणाऱ्या 41 जणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाचा उपचार चालू ठेवला, दुसऱ्याचा दोन आठवडे थांबवला. थांबवलेल्या गटात आजार लगेच परत आला, सकाळचा रक्तदाब वाढला आणि अस्तराचे काम बिघडले. मशीन चष्म्यासारखे आहे. लावले आहे तोवर उपयोग होतो. घसा कायमचा दुरुस्त करायचे काम ते करत नाही.

मग मशीनने हार्ट अटॅक नक्की टळतो का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तुम्हाला मिळायला हवे. पेशी सुधारणे आणि हार्ट अटॅक टळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्पेनमध्ये तीव्र आजार असलेल्या पुरुषांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उपचार न घेणाऱ्यांना हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त झाले, मशीन वापरणाऱ्यांना कमी. पण मशीन वापरणारे लोक एरवीही तब्येतीची जास्त काळजी घेणारे असू शकतात.

म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडणारा मोठा अभ्यास झाला. त्याचे नाव 'सेव्ह'. त्यात भारतासह सात देशांतले, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले 2,717 लोक होते. 2016 मध्ये निकाल आला: मशीन दिलेल्या गटात हार्ट अटॅक किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. मात्र दिवसाची झोप कमी झाली, मन प्रसन्न राहू लागले. या लोकांनी मशीन सरासरी फक्त 3.3 तास वापरले होते, हे लक्षात घ्या. म्हणजे रात्रीचा अर्ध्याहून जास्त वेळ त्यांचे अस्तर उघड्यावर होते. जास्त तास वापरले असते तर निकाल वेगळा लागला असता का, हे त्या अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही.

तुमच्यासाठी अर्थ इतकाच: मशीन म्हणजे हार्ट अटॅकविरुद्धचा विमा नव्हे. रक्तदाबाची आणि शुगरची गोळी, तंबाखू सोडणे, चालणे हे सगळे सोबत हवेच. आणि मशीन थोडा वेळ लावून फारसा उपयोग नाही. चार तास हा पास होण्याचा आकडा आहे, पूर्ण रात्र हे खरे उद्दिष्ट.

ही पेशींची तपासणी मी करून घेऊ का?

नको. कारणे अशी:

- निदानासाठी तिची गरज नाही. झोपेची तपासणी ते काम करते.
- अस्तराची हानी मधुमेह, तंबाखू, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांनीही होते. पेशी बिघडलेल्या दिसल्या तरी त्या ॲप्नियानेच बिघडल्या, असे एका माणसाबाबत सांगता येत नाही.
- रक्तातल्या दुरुस्तीच्या पेशी नेमक्या कोणत्या खुणांनी ओळखायच्या, यावर संशोधकांचे एकमत नाही. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतीलच असे नाही.
- निकाल काहीही आला तरी उपचार बदलत नाही.

'रक्तवाहिन्यांची पेशी-तपासणी' अशा नावाचे महागडे पॅकेज कोणी सुचवले, तर तेच पैसे झोपेच्या तपासणीवर आणि मशीनवर खर्च करा.

मग कोणती तपासणी करायची?

आधी स्वतःला आणि घरच्यांना हे प्रश्न विचारा:

- घोरणे बंद दाराबाहेर ऐकू येते का?
- झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का?
- सकाळी उठल्यावर तोंड कोरडे पडते किंवा डोके दुखते का?
- रात्री लघवीला अनेकदा उठावे लागते का?
- बसल्या बसल्या, बसमध्ये किंवा गाडी चालवताना डुलकी लागते का?
- रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नाही का?
- वय 50 च्या पुढे आहे का? मानेचा घेर 40 सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का?

तीन किंवा अधिक उत्तरे 'हो' असतील, किंवा श्वास थांबताना कोणी पाहिला असेल, तर छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसातज्ज्ञांना भेटा. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या छातीविकार विभागात झोपेच्या तपासणीची चौकशी करता येते. ही तपासणी दवाखान्यात एक रात्र राहून करतात, किंवा लहान यंत्र घरी नेऊनही होते. घरच्या यंत्रात बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, नाकाशी बारीक नळी आणि छातीला पट्टा असतो. सुई टोचत नाहीत.

मशीन लावताना येणाऱ्या अडचणी

*"कोविडमध्ये मास्कचं मशीन लागलं ते लोक गेले. मला नको."* ही भीती अनेक घरांत आहे आणि ती समजण्यासारखी आहे. कोविडमध्ये मशीन लागलेले लोक फुप्फुसाच्या गंभीर आजाराने गेले, मशीनने नव्हे. तुमचे फुप्फुस चांगले आहे. तुम्हाला फक्त घसा उघडा ठेवायचा आहे. या मशीनमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडरही नसतो.

*"रात्री लाइट गेली तर गुदमरेन का?"* नाही. मास्कला हवा बाहेर जाण्याची छिद्रे असतात, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. मशीन बंद पडले की जाग येते, मास्क काढून ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर जोडता येईल का, हे पुरवठादाराला विचारा. हवा ओलसर करणारे उपकरण जास्त वीज खाते. इन्व्हर्टरवर चालवताना ते बंद ठेवले तर मशीन जास्त वेळ टिकते.

*"उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो."* खानदेशातल्या मे महिन्यात घरात झोपा असे सांगणे सोपे नाही. गच्चीवर सुरक्षित वायर नेता येत असेल तर मशीन वर न्या. ते जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, धूळ कमी जाईल. फिल्टर आठवड्यातून एकदा तरी पाहा.

*"नाक-घसा कोरडा पडतो."* हवा ओलसर करणाऱ्या उपकरणाच्या टाकीत बोअरचे पाणी घालू नका, क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि टाकी रोज रिकामी करून धुवा.

*"मास्क टोचतो, हवा गळते."* मास्कचे आकार वेगवेगळे असतात. पहिला बसला नाही म्हणून उपचार सोडू नका, बदलून मागा. दाढी वाढवली असेल तर हवा गळू शकते. पहिला आठवडा दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास लावून सवय करा.

*"मशीन घेण्याची ऐपत नाही."* विकत घेण्याआधी भाड्याने मिळते का ते विचारा. आजार सौम्य असेल तर वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, रात्री दारू न घेणे, डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी न घेणे आणि दातांच्या डॉक्टरांकडून जबडा पुढे ठेवणारी पट्टी करून घेणे, यांनीही फरक पडतो. आजार तीव्र असेल तर मात्र एवढ्यावर भागत नाही.

घरच्यांसाठी

या आजाराचा साक्षीदार पेशंट नसतो, तुम्ही असता. श्वास थांबताना मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. मशीन सुरू झाल्यावर पहिला महिना रोज सकाळी विचारा, "किती तास लावलं?" मशीन स्वतःच तास मोजते. पुढच्या भेटीत तो आकडा डॉक्टरांकडून पाहून घ्या. घोरण्यावरून चेष्टा करू नका. चेष्टेला कंटाळून लोक वेगळ्या खोलीत झोपू लागतात आणि मग श्वास थांबताना पाहणारे कोणी उरत नाही.

घरातला माणूस ट्रक, रिक्षा, बस किंवा ट्रॅक्टर चालवत असेल आणि त्याला डुलकी लागत असेल, तर उपचार सुरू होऊन झोप आटोक्यात येईपर्यंत त्याला, निदान रात्री, गाडी चालवू देऊ नका. रोजगार बुडतो हे खरे, पण महामार्गावर लागलेली एक डुलकी त्याच्यासोबत आणखी कोणाचा तरी जीव घेते.

वाट न पाहता दवाखान्यात कधी जायचे?

- छातीत दाब किंवा दुखणे, घाम सुटणे, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे
- तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- झोपून श्वास न घेता येणे, पायांवर सूज येणे
- दिवसाही सतत गुंगीत असणे, ओठ निळसर दिसणे

अशा वेळी 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

लक्षात ठेवायचे ते इतकेच

शिरेतून काढलेल्या, रंग लावून ओळखलेल्या त्या थोड्याशा पेशींनी डॉक्टरांना एक गोष्ट दाखवून दिली. घोरताना थांबलेला प्रत्येक श्वास रक्तवाहिनीच्या अस्तरापर्यंत पोहोचतो, पेशंटला जाग आली नाही तरी. आणि हे अस्तर जिवंत असल्यामुळे त्याला संधी मिळाली तर ते स्वतःला सावरते. ही संधी एका रात्रीत देऊन होत नाही, ती रोज रात्री द्यावी लागते. घरात कोणाचा श्वास झोपेत अडत असेल, तर या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमचे निदान आणि उपचार तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा, आणि चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.